आई-वडिलांचे भरलेले घर रिकामे करताना काय ठेवावे, काय द्यावे आणि ते कोणी ठरवावे?

सोनचाफा

पुण्यात नारायण पेठेत आई-बाबा ज्या इमारतीत राहतात, तिचा पुनर्विकास अखेर ठरला असून पाडव्यानंतर जागा रिकामी करून द्यायची आहे. चार खोल्या, दोन खोल माळे आणि जिन्याखालची अडगळीची जागा एवढ्यात मावलेला संसार आता भाड्याच्या दोन खोल्यांत न्यायचा आहे आणि तीन-चार वर्षांनी मिळणाऱ्या नव्या सदनिकेत माळा नसणार, हे नकाशावरून स्पष्ट दिसते आहे. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत, आई त्यांच्याहून थोडी लहान. भाऊ बंगळुरूला असतो आणि फोनवर ‘सगळे टाकून द्या’ एवढेच सांगतो, त्यामुळे प्रत्यक्ष काम माझ्याकडे आले आहे.

घर आवरण्याविषयी जे सल्ले वाचायला मिळतात, त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: वस्तू ज्याची आहे त्यानेच ती विकत आणली आहे आणि ती काढायची की ठेवायची हे त्याने एकट्याने ठरवायचे आहे. आमच्या घरात तसे नाही. माळ्यावरून आतापर्यंत जे खाली उतरले, त्यातले फार थोडे आम्ही दुकानातून आणलेले आहे. बाकीचे सगळे ‘आलेले’ आहे. आहेरातली, देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली स्टीलची भांडी, ओटीचे खण, माझ्या रुखवतातली मण्यांची तोरणे, आजीचे जाते आणि पाटा-वरवंटा, शिवाय निवर्तलेल्या आत्याच्या घरून तात्पुरत्या म्हणून आणलेल्या दोन लोखंडी ट्रंका. प्रत्येक वस्तू कोणाची तरी आहे आणि ती काढायची म्हटली की त्या माणसाचा मान आड येतो.

ज्यांनी असे घर रिकामे केले आहे, त्यांनी निर्णय कोणत्या क्रमाने घेतले आणि मतभेद झाले तेव्हा शेवटचा शब्द कोणाचा मानला, हे जाणून घ्यायचे आहे.

अडकित्ता

तात्पुरत्या ठेवलेल्या ट्रंकांना आमच्याकडे कूळकायदा लागू होतो. एकदा वहिवाट पडली की मालक बदलतात, ट्रंक हलत नाही.

हिशेबनीस

क्रमाविषयी सांगतो. भांड्यांना आणि कपड्यांना हात लावण्यापूर्वी कागद वेगळे काढावेत आणि कोणीही एकट्याने एकही कागद फाडू नये. पुनर्विकासाच्या करारासाठी सोसायटीचे भागपत्र आणि घराच्या खरेदीचे मूळ दस्त लागतील, तेवढे आधी एका पिशवीत घालून तुमच्या ताब्यात घ्या. १९८०-९०च्या दशकांतली विजेची आणि दूरध्वनीची बिले मात्र निश्चिंतपणे काढता येतील. आमच्या वडिलांनी ती वर्षवार दोऱ्याने बांधून ठेवली होती आणि त्यांचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

खरे काम जुन्या शेअरांचे असते. त्या पिढीतल्या अनेकांनी प्राथमिक विक्रीत दहा-वीस शेअर घेतले आणि प्रमाणपत्रे पोथीसारखी जपली. १ एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपातल्या शेअरांचे विक्रीने होणारे हस्तांतर बंद आहे, पण मालकाच्या मृत्यूनंतर वारसांच्या नावावर ते करून घेता येतात. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतलाच नसेल, तर ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथूनही आयईपीएफ-५ हा अर्ज भरून ते परत मिळवता येतात, मात्र कागदपत्रांचा पाठपुरावा चिकाटीने करावा लागतो. कंपनीचे नाव बदलले किंवा ती दुसरीत विलीन झाली, एवढ्यावरून प्रमाणपत्र रद्दी झाले असे समजू नये.

आत्याबाईंच्या ट्रंकांत साड्यांच्या घड्याही उलगडून पाहा. २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा अनेक घरांत अशाच निघाल्या आहेत. त्या आठवण म्हणून दहापर्यंत ठेवता येतात, त्याहून अधिक बाळगणे २०१७च्या कायद्याने गुन्हा आहे.

नर्मदाकाठ

सोनचाफा, मी तुझ्या आईच्या वयाची आहे आणि दोन वर्षांपूर्वी आमचेही घर असेच रिकामे झाले, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

मुले आवरायला येतात तेव्हा ती हातात एक एक वस्तू धरून ‘ही लागते का?’ असे विचारतात. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते आणि तरीही ते द्यायला जीभ रेटत नाही, कारण दहा-वीस वेळा ‘नाही’ म्हटल्यावर आपला सगळा संसारच निरुपयोगी होता, असे कबूल केल्यासारखे वाटू लागते. मग आम्ही हट्टाला पेटतो आणि तुटक्या चाळणीवरूनही भांडतो. माझ्या सुनेने दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. तिने विचारले, ‘आई, ही कोणाला द्यायची?’ त्यानंतर काम भराभर झाले. पुरणयंत्र धाकट्या जावेच्या मुलीला, कारण आता पुरणपोळ्या तीच करते. पितळी डबे वाईच्या भाचीला, कारण लहानपणी ती त्यांतून लाडू चोरत असे. मोठी पातेली देवळाला. आमच्या पिढीला टाकणे जमत नाही, देणे मात्र जन्मभर जमत आले आहे.

एक पथ्य पाळावे. ज्याला द्यायचे त्याला आधी फोन करून हवे आहे का ते विचारावे, आणि तो नको म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नये. आपल्या माळ्यावरचे दुसऱ्याच्या माळ्यावर गेले, तर त्यात कोणाचे भले झाले?

शेवटचा शब्द कोणाचा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आई-बाबा हयात आहेत आणि त्यांची बुद्धी शाबूत आहे, तोवर त्यांचाच.

गवतीचहा

नर्मदाताई, ‘कोणाला द्यायची’ हा प्रश्न मी आजच घरी वापरणार आहे. शेवटच्या मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. निर्णय आई-वडिलांचा, सल्ला बंगळुरूच्या भावाचा आणि माळ्यावर चढून धूळ खाण्याचे काम मुलीचे किंवा सुनेचे, ही विभागणी आपल्या घरांत ठरून गेलेली असते. जो प्रत्यक्ष उचलतो आणि वाहतो, त्यालाही काही मत असावे. सोनचाफा, तुमच्या भावाला आठवडाभर रजा काढून बोलवा. दोन दिवस शिडीवर काढले की ‘सगळे टाकून द्या’ म्हणणारा माणूसही आपले जुने क्रिकेटचे पॅड घट्ट धरून बसलेला दिसेल.

खणांविषयी सांगते. ओटीचा खण शिवून घालणारी बाई माझ्या ओळखीत उरलेली नाही. तो फक्त फिरतो: मी दिलेला खण तीन हळदीकुंकवे फिरून, घडीसुद्धा न मोडता, माझ्याच ओटीत परत आला आहे, कारण त्याच्या कोपऱ्यावर मी किंमत खोडली होती ती खूण माझी मला ओळखता आली. आम्ही मैत्रिणींनी संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे-वाट्या देणे बंद करून गूळ, तीळ, हळद असे संपणारे पदार्थ द्यायचे ठरवले. सुरुवातीला नाके मुरडली गेली, आता सोय म्हणून सगळ्यांनी स्वीकारले आहे. येणे थांबत नाही तोवर काढण्याला अर्थ नाही, असे माझे मत होत चालले आहे.

साड्यांचे म्हणाल, तर बोहारणीला द्यायच्या गाठोड्यात जुने शालू-पैठण्या घालू नका. जुन्या खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे, आणि अशा जरीची खरेदी करणारे व्यापारी पेठांतच आहेत. त्यांच्याकडे एकाच ठिकाणी न देता दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा.

तिसरा मजला

हा धागा वाचताना मौज वाटते आणि थोडा रागही येतो. मी लोअर परळच्या बीडीडी चाळीत वाढलो. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या चाळींत एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट; त्यात आम्ही आठ माणसे आणि गावाहून येणारा पाहुणा वेगळा. आमच्याकडे वस्तू कमी होत्या त्या विचारपूर्वक कमी केलेल्या नव्हत्या. अंथरुणे सकाळी गुंडाळून पलंगाखाली जात, अभ्यासाचे टेबल म्हणजे शिवणयंत्राचे झाकण, आणि नवा पंखा आला की जुना त्याच दिवशी विकला जाई, कारण दोन पंखे ठेवायला जागाच नव्हती. कमी वस्तूंत राहण्याला आज तत्त्वज्ञान म्हणतात, आम्ही त्याला अडचण म्हणत होतो.

आता या चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. त्यांत माझी मावशी आहे. तिने पहिल्या महिन्यात सोफा, दोन कपाटे आणि काचेचे शोकेस घेतले, आणि शोकेसमध्ये मांडण्यासाठी वस्तूही घेतल्या. तिला कोणी साधेपणाचे महत्त्व सांगू लागले, तर मी मध्ये पडेन. आयुष्यभर ज्याला जागाच मिळाली नाही, त्याला ती भरून पाहण्याचा हक्क आहे.

तरीही त्या खोलीने एक शिकवले, ते सोनचाफा यांच्या उपयोगी पडेल. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे आणि त्या जागेत जेवढे मावेल तेवढेच घरात येई. नव्या दोन खोल्यांत प्रथम फळ्या आणि कपाटे मोजा. किती वस्तू ठेवायच्या हा आकडा त्यांना ठरवू द्या. माणसांनी ठरवायला घेतला की भांडणे होतात.

सोनचाफा

सर्वांचे आभार. हिशेबनीस यांच्या सूचनेप्रमाणे एक ट्रंक उघडली. नोटा निघाल्या नाहीत, परंतु आत्याच्या नावाची एका औषध कंपनीची शेअर प्रमाणपत्रे आणि टपाल खात्याची पासबुके मिळाली. आतेभावाला कळवले आहे. दुसऱ्या ट्रंकेची किल्ली त्याच्याकडेच आहे.

तिसरा मजला, तुमचा राग पटला. आम्ही ज्याला समस्या म्हणतो आहोत ती चार खोल्या आणि दोन माळे असलेल्यांची समस्या आहे, हे मान्य. मापाची सूचना मात्र तातडीने अमलात आणते, कारण आईशी वाद घालण्यापेक्षा फळीशी वाद घालणे सोपे आहे.

दूरदेशी

मी तोक्योत राहतो. घर आवरण्याची जपानी पद्धत भारतात फार लोकप्रिय झाल्याचे दिसते, म्हणून त्यामागचा एक व्यवहार सांगावासा वाटतो, जो त्या पद्धतीच्या चाहत्यांकडून फारसा ऐकू येत नाही. येथे मोठी वस्तू टाकण्यासाठी पैसे द्यावे लागतात. खुर्ची, गादी, सायकल काढायची असेल तर नगर प्रशासनाकडे आगाऊ नोंद करायची, वस्तूच्या आकारानुसार ठरलेल्या रकमेचे चिकटपत्र दुकानातून विकत घ्यायचे, ते वस्तूवर लावायचे आणि दिलेल्या दिवशी सकाळी ती बाहेर ठेवायची. दूरदर्शन संच, शीतकपाट, धुलाईयंत्र आणि वातानुकूलन यंत्र यांच्यासाठी २००१ पासून वेगळा कायदा असून पुनर्प्रक्रियेचा खर्च टाकणाऱ्यानेच सोसायचा असतो.

आपल्याकडे याच्या अगदी उलट आहे. रद्दीवाला आणि भंगारवाला घरी येऊन पैसे देतो, बोहारीण भांडे देते. त्यामुळे काढताना आपले काही जात नाही, घेताना हात आखडत नाही, आणि न काढलेल्या वस्तूचीही पुढेमागे किंमत येईल, अशी आशा राहते. माझ्या आईने कोथरूडच्या घरात बंद पडलेला मिक्सर याच आशेवर जपला आहे. येथे सोफा घेण्यापूर्वी तो टाकायला किती पडतील, हा विचार माझ्या मनात आपोआप येतो. त्यात माझे शहाणपण काही नाही, व्यवस्थाच तशी आहे.

ओला-सुका

दूरदेशी यांच्या मुद्द्यात एक भर घालतो. भंगारवाला पैसे देतो ते त्याला विकता येणाऱ्या मालाचे. उरलेले तो वाटेत कुठेतरी टाकतो आणि त्याचा खर्च शहर सोसते. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली. जुने कपडे, खेळणी, भांडी, लाकडी सामान, बंद विद्युत उपकरणे यांच्यासाठी त्यांचे स्वतंत्र संकलन उपक्रमही असतात. आपल्याकडे रोज येणाऱ्या ताईंना विचारले की पुढचा उपक्रम कुठे आहे ते त्या सांगतात. त्या वस्तू निवडून पुढे विकतात, त्यामुळे देताना फाटके आणि धड वेगळे बांधून द्यावे, एवढे सौजन्य आपण दाखवावे.

जुना फुगीर काचेचा टीव्ही मात्र भंगारात देऊ नका. त्याच्या काचेत शिसे असते आणि ती फोडून तांबे काढणाऱ्याच्या प्रकृतीवर त्याचा परिणाम होतो. नळीसारख्या दिव्यांत पारा असतो. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच ही उपकरणे जायला हवीत.

कसर

पुस्तकांविषयी कोणी बोलले नाही, म्हणून बोलतो. ‘ग्रंथालयाला देऊ’ या वाक्यावर मराठी माणूस वर्षानुवर्षे निश्चिंत असतो. प्रत्यक्षात छोटी ग्रंथालये स्वतःच जागेअभावी त्रस्त असतात आणि त्यांच्याकडे आधीच असलेली कादंबरी पाचव्यांदा नाकारताना त्यांनाही संकोच वाटतो. त्यांना उपयोगी पडते ते दुर्मीळ किंवा एका विषयावरचे सलग संग्रह. त्यामुळे गठ्ठा रिक्षात घालून नेऊ नये. आधी यादी करून पाठवावी आणि त्यांना निवडू द्यावे.

दिवाळी अंकांचे तसेच. १९०९ साली सुरू झालेल्या या परंपरेचा अभिमान बाळगावा, परंतु घरातला प्रत्येक अंक हा त्या परंपरेचा पुरावा नव्हे. स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि बांधणीतल्या खळीवर माझे नामबंधू जगतात. एका गठ्ठ्यात कसर असेल तर ती शेजारच्या कपाटात जाते. एखाद्या नियतकालिकाचे जुने, सलग अंक असतील तर संशोधकांना त्यांचे मोल आहे, बाकीच्यांतून आवडलेली कथा काढून घेऊन अंक रद्दीत द्यावा.

सदाशिव-नारायणातल्या जुन्या घरांत मोडी लिपीतले कागद निघतात. ते वाचता येत नाहीत म्हणून फेकू नका. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असे कागद जमवत आले आहे आणि तुमच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. किराणा उधारीची वही असली तरी तिच्यातले भाव आणि नावे अभ्यासकाला हवी असतात.

अडकित्ता

आता माझ्या सदस्यनामाला जागून थोडे विरोधात लिहितो. बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय सगळ्यांनी पाहिलेले असेल. दिनकर गंगाधर केळकर यांनी वाड्यांतून बाहेर पडणाऱ्या अडकित्ते, दिवे, वज्री, कंगवे, करंडे अशा घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि पुढे तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. ज्यांनी त्या वस्तू काढून टाकल्या, तेही तुमच्या-आमच्यासारखेच घर आवरत होते. लोकांनी सगळे जपले असते तर केळकरांना काही मिळाले नसते, हे खरे. परंतु लोकांनी ते एका दुपारी भंगारात मोडून टाकले असते तरीही मिळाले नसते. म्हणून माझे म्हणणे इतकेच, की काढायचे असले तरी सावकाश काढावे आणि वितळणार नाही अशा हाती द्यावे. मंगळवार पेठेतला, बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार त्या दृष्टीने वजनावर घेणाऱ्यापेक्षा बरा. तेथे घंगाळाला घंगाळ म्हणून गिऱ्हाईक मिळते.

कसर

अडकित्ता, पटले. पण प्रत्येक घराने स्वतःला संग्रहालयाचे पुरवठादार समजू नये. आपल्या पितळी तांब्यासारखे हजारो तांबे आहेत.

म्हापशेकर

गोव्यात जुनी घरे पाडली जाऊ लागली तेव्हा व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी त्यांतली शेतीची आणि स्वयंपाकघरातली अवजारे जमवून बाणावलीला ‘गोवा चित्र’ उभे केले. तेथे मला एक गोष्ट जाणवली: त्या नांगरांचे आणि मापांचे महत्त्व ती कोण, कशी वापरत असे, हे सांगितल्यामुळे आहे. सोनचाफा, आईला प्रत्येक वस्तूविषयी दोन मिनिटे बोलायला सांगा आणि भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून घ्या. आमच्या माईने असे बोलून झाल्यावर निम्मी भांडी स्वतःहून बाजूला काढली. सांगून झाले, आता घेऊन जा, असे तिचे म्हणणे.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे वर्ध्याला अजून माळाही आहे आणि अंगणही, त्यामुळे मी निर्लज्जपणे सगळे ठेवले आहे. सेवाग्राम जवळच असल्यामुळे पाहुण्यांना घेऊन वर्षातून अनेकदा बापूकुटीत जाणे होते. तेथे गांधीजींच्या वापरातल्या थोड्याशा वस्तू मांडलेल्या आहेत आणि त्यांच्यात साप धरण्याचा चिमटा व पिंजराही आहे. प्रत्येक पाहुणा ‘किती कमी सामान!’ असे म्हणतो आणि बाहेर आल्यावर खादीच्या दुकानातून दोन पिशव्या भरून घेतो. मीही घेतो.

गंभीरपणे सांगायचे, तर मोठी पातेली, पराती, झारे ही एका घराने ठेवण्याची वस्तूच नाही. आमच्या गावात देवस्थानाकडे भांड्यांचा संच असतो, लग्नाकार्याला तो नाममात्र भाड्याने मिळतो आणि हरवलेल्या झाऱ्याचे पैसे भरून द्यावे लागतात. पुण्यात सोसायटीने असा एक संच, एक शिडी आणि एक ड्रिल ठेवले, तर प्रत्येक घरातली किती जागा मोकळी होईल? नव्या इमारतीच्या नकाशात तेवढी एक खोली आत्ताच मागून घ्या.

दस्तुरखुद्द

छायाचित्रे आणि ध्वनिचित्रफिती शेवटी ठेवू नका, कारण त्या आत्ताही खराब होत आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली रंगीत छायाचित्रे लालसर पडत जातात, तर कृष्णधवल टिकतात. चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्रे आधी काढा, निघत नसतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटचे काम सर्वांत तातडीचे: त्या लावण्याची यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू यंत्र असलेले छायाचित्रकार कमी होत आहेत. एक प्रत भावाकडे, एक तुमच्याकडे. रूपांतर झाल्यावर कॅसेट ठेवण्याचे कारण उरत नाही, पण मूळ कागदी छायाचित्रे माझ्या मते ठेवावीत.

गवतीचहा यांना एक विचारायचे आहे: खणाची खूण ओळखल्यावर तुम्ही तो पुढे दिलात का?

गवतीचहा

दिला. परंपरा मोडणारी मी कोण?

सोनचाफा

बरेच पुढे गेलो आहोत, म्हणून कळवते. फळ्या मोजल्या, आणि स्वयंपाकघरातल्या तीन फळ्यांवर काय ठेवायचे ते आईने एकटीने ठरवले. मी तिथे तोंड उघडले नाही. आहेराच्या भांड्यांना नर्मदाताईंचा प्रश्न लागू पडला. कोरलेल्या नावांमुळे आमच्या भांड्यांना कोणी गिऱ्हाईक नाही असे वाटत होते, पण आईने ती ज्यांची नावे आहेत त्यांच्याच मुला-नातवंडांना द्यायला सुरुवात केली. आजोबांचे नाव असलेला डबा मिळाल्यावर एका नातवाने आनंदाने नेला, दुसऱ्याने नम्रपणे नाकारला. नाकारलेला डबा मोडीत गेला आणि आईने वाईट वाटून घेतले नाही. पाटा-वरवंटा भाऊ नेणार आहे. (तो आला, शिडीवर चढला, आणि गवतीचहा यांनी सांगितले होते तसेच झाले, फक्त क्रिकेटच्या पॅडऐवजी कॅरमबोर्ड होता.)

अडकले आहे ते बाबांचे सामान. ते चाळीस वर्षे हत्यारे वापरून घरातल्या सगळ्या दुरुस्त्या करत आले. स्क्रू, वायसर, तारांची भेंडोळी, जुन्या रेडिओचे भाग यांनी भरलेले बिस्किटांचे डबे त्यांना कोणालाही द्यायचे नाहीत. ‘कोणाला?’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर ‘मलाच’ असे आहे. आता हात थरथरतो, त्यामुळे ते काही दुरुस्त करत नाहीत, आणि हे आम्ही कोणी त्यांना बोलून दाखवणार नाही.

हिशेबनीस

मग ते सोबत न्या. दोन फूट जागेचा प्रश्न आहे आणि वडिलांपुढे तेवढ्या जागेचा हिशेब मांडू नये, असे हिशेबनीस असूनही म्हणतो.

तिसरा मजला

सहमत. पलंगाखाली जागा असते.

नर्मदाकाठ

डबे तर न्यावेतच. आणखी एक सुचवते, कारण आमच्याकडे याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. जुने घर सोडण्याची तारीख आणि नव्या जागेत राहायला जाण्याची तारीख एकच ठेवू नका. शक्य असल्यास भाड्याच्या खोल्या महिनाभर आधी घ्या, त्यांत दोघांचे पलंग, औषधे, देव, चहाची भांडी आणि नेहमीचे कपडे एवढेच आधी लावा आणि त्यांना तेथे राहू द्या. जुने घर अजून हाताशी असते, त्यामुळे काही हवे असल्यास रिक्षाने जाऊन आणता येते. आम्ही काय काय आणायला गेलो ते पाहिले, तर सुईदोऱ्याचा डबा, खलबत्ता, यांचा जाड भिंगाचा चष्मा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माठ. कपाटातल्या बाकीच्या गोष्टींसाठी कोणी गेले नाही, आणि मग त्या देताना माझी कोणाला समजूत घालावी लागली नाही.

सोनचाफा

हे मला सुचलेच नव्हते. भाडे विकासक देणार असल्यामुळे ते जागा सोडल्याच्या तारखेपासून सुरू होते. आधीच्या महिन्याचे भाडे भावाने आणि मी वाटून घ्यावे, असे आत्ताच त्याच्याशी बोलले आणि तो तयार आहे. रविवारी कसब्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहायला जाणार आहोत. बाबांनी मोजपट्टी बरोबर घ्यायला सांगितली आहे, ती त्यांच्याच एका डब्यात आहे.